नऊ वाजताचं पाणी

पाणीकपातीची बातमी आली की मी हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवते. दर उन्हाळ्यात कधी ना कधी ती येतेच. तलावांत पाणी कमी उरलंय, जपून वापरा, वगैरे. माझी सून हसते. म्हणते, आई, पाण्याचा आणि बांगड्यांचा काय संबंध? तिचंही बरोबर आहे. मुलुंडच्या आमच्या इमारतीत टाकी आहे, पंप आहे, अगदीच अडलं तर टँकर येतो आणि वॉचमन शिट्टी वाजवतो. पाण्यासाठी माणसाला कुठे बसून राहावं लागत नाही. मी तिला सांगते, उकाड्यात रुततात गं बांगड्या. खोटं सांगते. माझ्या हातात त्या कधीच रुतल्या नाहीत.

ज्या उन्हाळ्यापासून ही खोड लागली तो ऐंशीच्या दशकातला. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. डोंगर आपला नावाला, घरांवर घरं चढून त्याचा दगडसुद्धा दिसत नव्हता. वरती पत्रे, मध्ये गटार, आणि आमच्या सगळ्या ओळीला मिळून एक नळ, तोही खाली, दत्ताच्या देवळाशेजारी. नळाचा कायदा एकच होता. हंडा आहे पण हंड्यापाशी माणूस नाही, तर हंडा मागे. मग तो कुणाचाही असो. देवळाच्या पुजाऱ्याचा हंडासुद्धा मागे गेलेला मी पाहिलाय. या कायद्यावरून झिंज्या ओढल्या गेल्या, डोकी फुटली, पण कायदा मोडला नाही. महापालिकेचे सगळे नियम मोडणारी आमची वस्ती हा एक नियम जिवापाड पाळायची.

एरवी पाणी पहाटे यायचं. अंधारात भरून टाकलं की दिवस मोकळा. त्या वर्षी कपात सुरू झाली आणि पाणी सकाळी नऊला यायला लागलं, तेही धड तासदीड तास. सुरुवातीला बायका खूश झाल्या, पहाटेची झोप मिळाली म्हणून. परबकाकू, आमच्या शेजारीण, तर म्हणाल्या की म्युनिसिपालटीला एकदाची अक्कल आली. वाट लागलीय हे कळायला वेळ लागला.

आणि त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

नलूचं लग्न माझ्या आधी झालं. तिला चांगलं स्थळ चालून आलं आणि मी नाक वर करून बसले होते. दिली बोरिवलीला. नवरा सरळ माणूस, घरात नळ, आणि दोन गल्ल्या सोडून प्रसूतिगृह. तिथे तिनं नाव घातलं होतं, म्हणजे तपासण्या आणि बाळंतपण त्याच प्रसूतिगृहात होणार हे नक्की करून ठेवलं होतं. दर महिन्याला जायची, दंडाला पट्टा बांधून नर्स प्रेशर बघायची, गोळ्या द्यायची. सगळं सुरळीत चाललं होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे माहेरीच. सासरी झालं तर लोक काय म्हणतील? माहेरच्यांना लेक जड झाली म्हणतील. मग सातवा लागल्याबरोबर आमची आये बोरिवलीला गेली आणि तिला घेऊन आली. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. दवाखान्याच्या दारातली पोर उचलून आम्ही डोंगरावर आणली आणि वर दृष्ट काढली. या रिवाजाबद्दल लोक अजून गहिवरून बोलतात. बोलोत.

तरी ते सुरुवातीचे दिवस आठवले की पहिल्यांदा वासच आठवतो. उडदाच्या पिठाचा, हिंगाचा, तापलेल्या पत्र्यावर टाकलेल्या जुन्या लुगड्यांचा. पापडांचे दिवस होते. दुपारी बायका आमच्याकडे जमायच्या, आये पीठ कुटायची, नलू भिंतीला टेकून लाट्या करायची आणि त्यातल्या निम्म्या खायची. तेलात बुडवलेली लाटी, नाहीतर कैरीची फोड तिखटमीठ लावून. आये ओरडायची आणि स्वतःच अजून एक फोड कापून द्यायची. नलू हसायला लागली की तिचं पोट हलायचं आणि त्यावर सगळ्या पुन्हा हसायच्या. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते, पहिल्या पाळीला. दुपारी घरी आले की त्या घोळक्यात जाऊन पडायचे. इतकं सुख आमच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत नंतर कधी मावलं नाही.

आता दवाखान्याचं सांगते. डोंगराखाली, बाजाराच्या पलीकडे प्रसूतिगृह होतं. गरोदर बायकांची तपासणी आठवड्यातून दोन दिवस, सकाळी नऊ ते साडेदहा. साडेदहाला खिडकी बंद, मग केसपेपर नाही. म्हणजे ज्या वेळेला नळाला पाणी, त्याच वेळेला दवाखान्यात नर्स. दोन्ही एकाच महापालिकेचं. पहाटे पाणी यायचं तेव्हा याची कुणाला अडचण नव्हती. त्या उन्हाळ्यात झाली.

नलू पाणी भरत नव्हती, हे आधीच सांगते, कारण नंतर लोक तेही म्हणाले. तिला हंडा उचलायला कुणी लावलं नव्हतं. ती फक्त बसायची. आये एक हंडा भरून वर चढायची, तोवर उरलेल्या हंड्यांपाशी माणूस हवं ना. आमचे वडील, अप्पा, गावी गेलेले, पावसाआधी घराची कौलं परतायला. मी कंपनीत. राहिली कोण? मग नलू देवळाच्या पायरीवर हंड्यांची राखण करत बसायची. आणि दिवस भरत आलेल्या पोरीला एकटीला दवाखान्यात पाठवायची आमच्यात पद्धत नव्हती. सोबत आयेच हवी. आये आली तर पाणी नाही. पाणी नाही तर घरात एक गरोदर बाई, आणि प्यायला थेंब नाही.

एकदा त्या गेल्या. पाणी भरून, धापा टाकत, बाजार ओलांडून. खिडकी बंद झाली होती. आतल्या बाईनं सांगितलं, लवकर येत चला, आम्ही काय दिवसभर इथेच बसायचं? आये गयावया करायच्या जातीची नव्हती. पुढच्या खेपेला येऊ म्हणाली आणि लेकीला उसाचा रस पाजून परत आणली. पुढच्या खेपेला पाणी उशिरा आलं. त्याच्या पुढच्या खेपेला नलूच म्हणाली, राहू दे गो, बोरिवलीला सगळं चांगलंच सांगितलं होतं की. चांगलंच सांगितलं होतं, खरं होतं ते. पण ते बोरिवलीचं होतं, मागच्या महिन्यांचं.

डोहाळजेवण केलं आठव्यात. सातव्यात मुहूर्त मिळाला नाही. हौस केवढी! फुलांचे दागिने, हिरवी साडी, झाकलेल्या वाटीतून पेढा निघतो की बर्फी ते बघायला खिडकीत पोरांची गर्दी. पेढा निघाला, म्हणजे मुलगा. आणि कासार आला होता, हिरवा चुडा भरायला. लग्नात नलूला त्यानंच सव्वादोनच्या बांगड्या भरल्या होत्या, अगदी सहज. त्या दिवशी अडीचचीही बांगडी आंगठ्याच्या सांध्यावर अडली. त्यानं हात दाबला, साबण मागवला, पुन्हा दाबला. मग पेटीतून पावणेतीनच्या काढल्या. म्हणाला, हात भरलाय पोरीचा, माहेर मानवलं.

झालं, सगळ्या बायकांना तेच हवं होतं. चेहरा बघा कसा भरलाय. पाय बघा. गाल बघा. सासरी नुसती काडी होती. आयेचा चेहरा असा फुलला होता की आजही तो आठवला की मला राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही. माझ्यासकट सगळी खोली त्या सुजेचं कौतुक करत होती. दोन्ही हात भरून बांगड्या, आणि त्या चढल्या त्या चढल्या, पुन्हा मनगटावर फिरल्या नाहीत. कातडीत बसल्या. नलू म्हणाली, वाजत नाहीत गं ताई या. आम्ही हसलो.

मग डोकं दुखायला लागलं. उन्हाचं म्हणून कांद्याचा रस तळपायाला चोळला. पोटात वर, बरगडीखाली कळ यायची. पित्ताचं म्हणून आमसुलाचं सार दिलं. आमच्याकडे प्रत्येक दुखण्याला उत्तर तयार होतं, हीच तर गंमत. एका दुपारी मी कामावरून आले तर नलू डोळे चोळत बसलेली. म्हणाली, "ताई, सकाळी नळावर बसले ना, की डोळ्यांपुढे काजवे दिसतात गं. भर दिवसा."

परबकाकू तिथेच पापड उलटत होत्या. त्या म्हणाल्या, अजून तर काहीच नाही, खरे काजवे बाळंतपणात दिसतील. पहिलटकरणीला चिडवायची ही रीतच असते. नलूही हसली.

त्यानंतर तीनचार दिवसांनी माझी सुट्टी होती. मी नळावर गेले होते, आयेला मदत म्हणून. नलूही आली, घरात जास्त उकडतं म्हणाली. पायरीवर बसली, तिच्या नेहमीच्या जागी, हंड्यांना पाय लावून. पाणी नुकतंच आलं होतं. माझा हंडा निम्मा झाला असेल. मागून भांडी पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर नलू आडवी, डोळे पांढरे, दात घट्ट मिटलेले आणि अंग झटके देतंय. दोन्ही हात दगडावर आपटत होते. बांगड्या फुटत होत्या.

बायका धावल्या. वाईट कुणीच नव्हती, हे लक्षात घ्या. एकीनं कांदा फोडून नाकाशी धरला. एकीनं पायातली चप्पल काढून हुंगवली. फेफरं आलं की आमच्याकडे तेच करतात. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, देवळातला नारळ आणा, उतरवून टाका. नारळ आला, उतरवला. झटके थांबले. सगळ्यांनी हुश्श केलं. नलू घोरायला लागली आणि त्या म्हणाल्या, झोपली बघ, आता बरं वाटेल. मी रिक्षा आणायला खाली पळाले तेव्हा मागून कुणीतरी सांगत होतं, जरा पडू दे तिला, इतकी घाई कशाला. वळणावरून मी एकदा मागे बघितलं. नळ चालू होता आणि रांग पुढे सरकत होती. त्यांनाही घरी पोरं होती.

प्रसूतिगृहात तिला रिक्षातच बघून म्हणाले, इथे होणार नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या. वाटेत तिला पुन्हा झटका आला. मोठ्या हॉस्पिटलात एका नर्सनं हातावरच्या उरलेल्या बांगड्या कात्रीच्या दांड्यानं फोडल्या, सुई लावायला जागा नव्हती. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आये तेवढ्यातही पुटपुटली, वाढवा बाय, वाढवा. मनगटावर हिरव्या काचेच्या गोल खुणा तशाच राहिल्या.

डॉक्टर पोरगाच होता, दाढीही नीट आलेली नव्हती. त्यानं दंडाला पट्टा बांधला, बघितलं, पुन्हा बांधून बघितलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "हिचं प्रेशर शेवटचं कधी मोजलं?"

आये म्हणाली, "आमच्याकडे पाणी नवाला येतं, डॉक्टर."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. त्यानं मला विचारलं, मी सांगायला लागले, पण कुठून सांगायचं? नळापासून की बोरिवलीपासून? तो निघून गेला. त्याला कामं होती. आयेनं त्याला अगदी बरोबर उत्तर दिलं होतं, हे आजही त्या डॉक्टरला ठाऊक नसेल.

बाळ आतच गेलं होतं. मुलगाच होता. नलू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली, शुद्धीवर न येता.

मग लोक आले. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं एकेक जण येऊन सांगून गेला. ही म्हण कुणी काढली असेल? नक्की एखाद्या पुरुषानं, आणि तोही घरात नळ असणाऱ्या. दुसरा जन्म म्हटलं की मरणही आपोआप बसतं त्यात, कुणाला काही विचारावं लागत नाही. परबकाकू म्हणाल्या, खारट फार खाल्लं तिनं, त्या लाट्या भोवल्या. त्यानंतर आयेनं पुढची कितीतरी वर्षं घरात पापड केला नाही. पुष्कळ काळानं मी एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की मिठानं असं होत नाही. प्रेशर वाढलं होतं, ते वेळेवर कळलं असतं तर ठेवून घेतलं असतं, औषध दिलं असतं, बाळंतपण आधी उरकलं असतं. बहुतेक वाचली असती. दंडाला पट्टा बांधून हवा भरायची आणि बघायचं, एवढंच. मी घरी येऊन आयेला सांगितलं. त्या मे महिन्यात तिनं पापडांसाठी उडीद दळून आणले.

नलूचा नवरा वर्षभर येत राहिला. मग त्याचं दुसरं लग्न झालं. त्याला मी दोष देत नाही.

आये आणि मी वॉर्ड ऑफिसात गेलो होतो, तेही सांगायला हवं. आमचं मागणं साधं होतं. पाण्याची वेळ बदला, नाहीतर तपासणीची. पाणीखात्यातले साहेब म्हणाले, दवाखान्याची वेळ आमच्या हातात नाही. दवाखान्याच्या साहेबांनी सांगितलं, पाण्याची वेळ आमच्या हातात नाही. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांची टेबलं एकाच मजल्यावर होती. आयेनं दोघांनाही नमस्कार केला आणि जिना उतरली.

पावसाळा झाला तरी पाण्याची वेळ नऊचीच राहिली, आणि त्या सुमारास आमच्या वस्तीत एक नर्सबाई यायला लागली. ती काही आमच्या दुःखानं विरघळून आली नव्हती. तिला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस हव्या होत्या, वरून टार्गेट होतं. घरोघर फिरायची, बायका दार लावून घ्यायच्या, ती वैतागून शिव्या घालायची. एके दिवशी आयेनं तिला नळावर गाठलं. मला वाटलं भांडणार. आये म्हणाली, "तुझ्या केसी मी आणून देते. आधी ह्या गरवार पोरींचे दंड बघ. इथंच, नळावर. दवाखान्यात त्या येणार नाय."

हा सरळ सौदा होता. नर्सबाईनं कटकट केली, ऊन आहे, बसायला जागा नाही, पाऱ्याचं यंत्र फुटलं तर कोण भरून देणार. पण आठवड्यातून एकदा ती यायला लागली. उपडा हंडा, त्यावर यंत्र, आणि ज्या पायरीवर नलू बसायची त्याच पायरीवर एकेक गरोदर बाई हात पुढे करून. हंडा रांगेतच, माणूसही हंड्यापाशीच, कायदाही मोडला नाही. इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं होतं म्हणूनच मला बघवायचं नाही. आये मात्र शेजारी उभी राहायची आणि कुणी टाळायला लागली की दंडाला धरून आणून बसवायची. तीनचार पोरं झालेल्या बायकांना ऑपरेशनसाठीही तीच घेऊन जायची, शब्द दिला होता ना. कुणी म्हणायचं, म्हातारी नर्सबाईची दलाल झालीय. आयेला ते ऐकू जायचं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कपात, वेळ तीच नऊची. आमच्याच ओळीत खाली राहणारी सविता तेव्हा पहिलटकरीण होती. तिच्या डोहाळजेवणाला आये जाणार नाही असं मला वाटलं होतं, पण गेली, कोपऱ्यात बसली. तोच कासार आला. सवितेच्या हातात बांगडी अडली. कासार काही बोलायच्या आत आये उठली, भरलेल्या दोन बांगड्या सवितेच्या हातातून ओढून काढल्या आणि तिला फुलांच्या दागिन्यांसकट दवाखान्यात घेऊन निघाली. सवितेच्या सासूनं अपशकुन केला म्हणून नको नको ते तोंडसुख घेतलं. प्रसूतिगृहाची खिडकी बंद होती. आयेनं ती हातानं बडवली, उघडेपर्यंत. सवितेचं प्रेशर वाढलेलंच निघालं. तिला मोठ्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं, आणि ती मुलगी घेऊन घरी आली. दोघी धडधाकट.

त्यानंतर परबकाकूंपासून सगळ्या म्हणायला लागल्या, नलूची पुण्याई, नलू गेली पण दुसरीला वाचवून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझी बहीण एक साधी पोर होती, तिला कैरी आवडायची, तिला कुणालाही वाचवायचं नव्हतं, तिला स्वतःचं पोर घेऊन बोरिवलीला जायचं होतं.

सव्वा महिना झाल्यावर सविता बाळाला घेऊन नळावर आली. आये पायरीवर बसली होती. सवितेनं तिच्या पायावर बाळ घातलं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुमच्या नलूमुळे वाचले मी, आये. ती माझ्यासाठी गेली."

मला वाटलं, आता आये रडेल.

आये म्हणाली, "तुझ्यासाठी नाय गेली, बाय. हंड्यापाठी गेली."

मग तिनं खाली वाकून बाळ उचललं, मांडीवर नीट घेतलं, त्याचं टोपडं सारखं केलं आणि सवितेला म्हणाली, "पाणी आलंय. जा, उभी ऱ्हा तुझ्या हंड्यापाशी. नायतर मागं टाकतील."